तोंडातल्या सात जागा: यान्युवा भाषा कशी बोलतात आणि ती का थांबत चालली आहे

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एखाद्या नातेवाइकाने मुलांच्या शाळेतल्या कार्यक्रमाचा व्हिडिओ पाठवला असेल, तर सुरुवातीचे निवेदन तुम्ही ऐकले असेल. ज्या जमिनीवर आपण जमलो आहोत तिच्या मूळ राखणदारांना आम्ही मान देतो, असे सांगून त्या लोकांचे नाव घेतले जाते. मेलबर्नमध्ये वुरुंजेरी, कॅनबऱ्यात ङुन्नवल. हे नाव बहुतेक वेळा अडखळतच उच्चारले जाते. ऑक्टोबर २०२३मध्ये तिथे सार्वमत झाले. आदिवासींचे म्हणणे संसदेपुढे मांडणाऱ्या मंडळाला राज्यघटनेत जागा द्यावी का, हा प्रश्न होता आणि मतदारांनी 'नाही' म्हटले. दुसरीकडे संयुक्त राष्ट्रांनी २०२२ ते २०३२ हे मूळनिवासी भाषांचे दशक ठरवले आहे. या बातम्या वाचणाऱ्याला साधा प्रश्न पडतो, की या लोकांची भाषा म्हणजे नेमकी कोणती? ती ऐकायला कशी लागते? आणि ती कोण बोलते?

## 'ऑस्ट्रेलियन आदिवासी भाषा' असे काही नाही

१७८८ साली इंग्रजांनी सिडनीच्या किनाऱ्यावर वसाहत केली तेव्हा त्या खंडात अडीचशेच्या आसपास वेगवेगळ्या भाषा होत्या. बोली नव्हेत, भाषा. प्रत्येकीच्या बोली आणखी निराळ्या. ऑस्ट्रेलियन सरकारच्या २०२०च्या राष्ट्रीय अहवालानुसार त्यांतल्या १२३ भाषा आज कमी-अधिक प्रमाणात वापरात आहेत, आणि त्यांतल्या फक्त १२ भक्कम म्हणाव्यात अशा आहेत, म्हणजे घरातली लहान मुले त्या पहिली भाषा म्हणून शिकतात. भाषा जगते की नाही हे ठरवताना वृद्ध बोलणारे किती उरले यापेक्षा तीन वर्षांचे मूल रडताना कोणत्या भाषेत रडते, हे पाहायचे असते.

सगळ्या भाषांबद्दल एकदम बोलले की काहीच हाती लागत नाही. म्हणून इथे एकच घेतो: यान्युवा.

उत्तर ऑस्ट्रेलियात कार्पेंटारियाचे आखात आहे. त्याच्या नैर्ऋत्य बाजूला मॅकआर्थर नदीच्या काठी बोरोलूला हे छोटे गाव, डार्विनहून रस्त्याने जवळपास हजार किलोमीटर. नदी समुद्राला मिळते तिथून पुढे बेटांचा समूह आहे. १८०२मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्स हा इंग्रज दर्यावर्दी तिथून गेला आणि त्याने त्या बेटांना एडवर्ड पेल्यू या इंग्रज नौदल अधिकाऱ्याचे नाव दिले. बेटांना आधीच नावे होती, माणसे होती, आणि ती माणसे यान्युवा बोलत होती. आजही हे लोक स्वतःला खाऱ्या पाण्याचे लोक म्हणवतात. ड्युगाँग म्हणजे समुद्रातले गवत खाणारा मोठा सस्तन प्राणी, आणि समुद्री कासव, या दोन्हींना मिळून त्यांच्याकडे 'वल्या' हा एक शब्द आहे. ड्युगाँगसाठी वय, लिंग, सोबत पिल्लू आहे का, यांनुसार निराळे शब्द आहेत.

## आपला वर्णमालेचा तक्ता घेऊन बसा

मराठी वाचकाला इथे एक मोठी सोय आहे, आणि ती इंग्रजी वाचकाला नाही. आपण पहिलीत क, च, ट, त, प या ओळी पाठ करतो. त्या ओळी मनाला येईल तशा लावलेल्या नाहीत. तोंडात हवा कुठे अडते, त्या क्रमाने त्या घशाकडून ओठांकडे येतात. क-ओळीत जिभेचा मागचा भाग वर टेकतो, च-ओळीत मधला भाग टाळूला, ट-ओळीत टोक मागे वळून, त-ओळीत दातांना, आणि प-ओळीत ओठ मिटतात. हवा पूर्ण अडवून सोडलेल्या अशा ध्वनींना आपल्या व्याकरणात स्पर्श म्हणतात.

म्हणजे मराठीत अडवण्याच्या जागा पाच. इंग्रजीत तीन. बहुतेक ऑस्ट्रेलियन भाषांत चार ते सहा. यान्युवात सात.

त्यातल्या पाच आपल्या ओळखीच्याच आहेत: ब, द, ड, ज आणि ग यांच्या जागा. उरलेल्या दोन प्रयत्न केला तर सापडतात. 'ल' म्हणताना जिभेचे टोक दातांच्या थोडे वर, हिरडीच्या उंचवट्याला टेकते. तिथेच टेकवून 'द' म्हणून पाहा. तो आपला द नाही आणि ड तर नाहीच. ही सहावी जागा. आता 'गी' आणि 'गू' असे सावकाश म्हणा. 'गी'च्या वेळी जीभ टाळूला किंचित पुढे टेकते, 'गू'च्या वेळी मागे. मराठीत पुढच्या स्वरामुळे हे आपोआप होते, म्हणून आपल्या लक्षातही येत नाही. यान्युवात पुढचा ग आणि मागचा ग हे दोन स्वतंत्र व्यंजन आहेत. ही सातवी.

आता तक्ता आडवा वाचा. आपल्याकडे एका ओळीत क, ख, ग, घ, ङ अशी पाच घरे. यान्युवात ख-घ सारखे हकार मिसळलेले ध्वनी नाहीत. क आणि ग यांच्यातला फरकही शब्दाचा अर्थ बदलत नाही, सगळे स्पर्श ग-ब-द सारखे घोष उच्चारले जातात. त्याऐवजी नाकातून सुरू होऊन स्पर्शात संपणारे ङ्ग, म्ब असे ध्वनी आहेत आणि ते जोडाक्षर नव्हे, एकच व्यंजन म्हणून वावरतात. स, श, ह यांपैकी एकही नाही. स्वर मुख्यतः तीन: अ, इ, उ.

तबल्यावर चाट, मैदान आणि शाई यांतली जागा बदलली की बोल बदलतो, तसे या भाषेचे आहे. ती ताकद आणि श्वास यांवर फारसे अवलंबून राहत नाही, सगळा भर जागेवर.

## इंग्रजांना हे ऐकू का आले नाही?

कारण ज्या फरकाला आपल्या भाषेत अर्थ नसतो तो फरक कान लहानपणीच सोडून देतात. द आणि ड, न आणि ण, ल आणि ळ हे इंग्रजी कानाला एकच वाटतात. शब्दाच्या सुरुवातीला ङ आला की तर ते पूर्णच गोंधळतात, कारण इंग्रजीत ङ फक्त मध्ये किंवा शेवटी येतो. जुन्या वसाहतकाळातल्या शब्दयाद्यांत सुरुवातीचा ङ कधी 'न' असा लिहिलेला सापडतो, कधी गाळलेला. त्या याद्या आज वाचायला घेणाऱ्या समाजांना आपल्याच पणजीचा शब्द नेमका कसा होता, याचा तर्क करावा लागतो.

आपल्यालाही ङ ने सुरू होणारा शब्द माहीत नाही, पण ते अक्षर माहीत आहे आणि 'अङ्क'मध्ये आपण ते रोज उच्चारतो. थोड्या सरावाने ते पुढे आणता येते. यान्युवात 'आपण सगळे' यासाठी ङम्बला हा शब्द आहे. समोरच्याला वगळून 'आम्ही' म्हणायचे तर सर्वनाम निराळे. हा भेद इंग्रजीत नाही, हिंदीतही नाही. मराठी माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

आज यान्युवा रोमन लिपीत लिहितात. ण, ळ, ड यांच्यासाठी रोमनमध्ये अक्षरच नाही, म्हणून प्रत्येकासाठी दोन-दोन अक्षरे जोडावी लागतात. आपल्या लिपीत ती घरे आधीच तयार आहेत, हे पाहून मला मनापासून आनंद होतो. अर्थात लिपी कोणती घ्यायची हा त्या लोकांचा निर्णय आहे, आणि ज्या देशात मुलांना शाळेत रोमनच शिकवतात तिथे तो योग्यच आहे.

## इतक्या जागा कशासाठी? की भाषा मागासलेली म्हणून बाकीचे ध्वनी नाहीत?

'स नाही, ह नाही, स्वर तीनच, म्हणजे साधी भाषा' असे पूर्वी सर्रास बोलले जायचे. हे चूक आहे. प्रत्येक भाषा कुठेतरी बारकाई करते आणि कुठेतरी ढील देते. यान्युवाची बारकाई जागेत आहे आणि व्याकरणात तर फारच आहे.

मग जागेवरच भर का? याबद्दल अँड्र्यू बुचर या ऑस्ट्रेलियन ध्वनिशास्त्रज्ञाने एक अंदाज मांडला. तिथल्या आदिवासी मुलांमध्ये मधल्या कानाचा जंतुसंसर्ग फार मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा कानाला खालच्या पट्टीतले आवाज नीट ऐकू येत नाहीत, आणि क-ग मधला फरक तिथेच असतो. कधी वरच्या पट्टीतले जातात, स-श तिथे असतात. मधली पट्टी शाबूत राहते, आणि जीभ कुठे टेकली हे नेमके तिथे ऐकू येते. म्हणजे भाषा आपल्या ऐकणाऱ्यांच्या कानांप्रमाणे घडली असावी. अंदाज विलक्षण आहे, पण सिद्ध झालेला नाही. हा आजार इतका पसरला तो वसाहतीनंतरच्या दाटीवाटीच्या, गरिबीच्या वस्त्यांमुळे असेल, तर हजारो वर्षांच्या ध्वनिव्यवस्थेचे कारण तो कसा ठरेल, हा आक्षेप मला वजनदार वाटतो.

## आई बोलते तसे मुलाने बोलायचे नाही

आता ध्वनींकडून माणसांकडे येऊ, कारण यान्युवाची खरी गुंतागुंत इथे आहे.

या भाषेत बायकांची बोली आणि पुरुषांची बोली वेगळी आहे. शब्दांचे मूळ एकच, पण त्याआधी लागणारे उपसर्ग बदलतात, आणि ते जवळजवळ प्रत्येक वाक्यात नाम, सर्वनाम, क्रियापद यांना लागतात. एखादा पुरुष गेला हे सांगताना बाई 'किवा-विङ्का' म्हणते, पुरुष 'का-विङ्का' म्हणतो. दीक्षाविधी, म्हणजे मुलगा पुरुष मानला जाण्याचा विधी, झालेल्या तरुणाला पुरुष 'डुवर्रा' म्हणतो, बाई त्याआधी 'न्या' लावते. मराठीत 'मी जातो' आणि 'मी जाते' हा फरक बोलणाऱ्यावर ठरतो, हे आपल्याला सवयीचे आहे. पण 'तो गेला' हे वाक्य आपण सगळे सारखेच म्हणतो. यान्युवात ज्याच्याबद्दल बोलायचे तो एकच असला तरी बोलणारी बाई की पुरुष यावर वाक्य बदलते.

मूल आई, आजी, मावश्यांमध्ये वाढते, म्हणून मुलगे आणि मुली दोघेही आधी बायकांची बोली शिकतात. मुलाचा दीक्षाविधी झाला की त्याने पुरुषांच्या बोलीत बोलायचे. सवयीने जुने रूप तोंडून निघाले तर त्याला रागावतात. दोन्ही बोली दोघांनाही पूर्ण समजतात. कोणी कोणती बोलायची, एवढाच नियम.

याखेरीज ठरावीक नात्यांतल्या माणसांशी बोलण्याची निराळी शब्दावली आहे, आपल्याकडे सुनेने सासऱ्यासमोर बोलताना राखायच्या अदबीहून कितीतरी काटेकोर. बेटांवर असताना काही शब्द बदलतात. विधींचे शब्द आणखी वेगळे. शिकारीत किंवा विधीच्या वेळी जिथे आवाज करायचा नसतो तिथे हातांची खुणांची भाषा आहे.

म्हणजे यान्युवा येणे म्हणजे शब्द आणि व्याकरण येणे एवढेच नाही. समोर कोण आहे, आपण कोण आहोत, कुठे उभे आहोत, हे प्रत्येक वाक्यात कळले पाहिजे. त्यासाठी त्या सगळ्या नात्यांतली माणसे आजूबाजूला लागतात.

## मग बोलणारे गेले कुठे?

भाषा कमकुवत होती म्हणून ती गेली नाही. ती घराघरांत बोलली जात होती तोवर बाहेरच्यांच्या येण्याने तिला धक्का लागला नव्हता. इंग्रजांच्या कितीतरी आधीपासून इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाच्या मकासर बंदरातून समुद्रकाकडी हा समुद्रजीव गोळा करायला गलबते उत्तर किनाऱ्यावर येत. त्यांच्याबरोबर शब्दही आले. यान्युवातला 'लिबालिबा', म्हणजे लाकूड कोरून केलेली होडी, मकासरांकडूनच आला. वायव्येकडच्या आर्नहेम लँडमधल्या योल्ङू भाषांत पैशाला 'रुपिया' म्हणतात, आणि तो आपल्याच रुपयाचा लांबचा प्रवास आहे. अशी देवाणघेवाण भाषेला मारत नाही.

मारले ते वेगळ्याच गोष्टींनी. गुरांचे प्रचंड मळे आले आणि माणसे तिथे मजुरीला गेली. शिधा मिळायचा तो गावात, म्हणून बेटांवरची वस्ती ओसरून बोरोलूलात आली. तिथे यान्युवांबरोबर गर्रवा, गुदांजी, मारा हे आणखी तीन समाज एकत्र आले. शाळा इंग्रजीत. मुलांची आपसातली भाषा क्रिओल झाली, म्हणजे इंग्रजी शब्दांवर उभी राहिलेली, पण स्वतःचे व्याकरण असलेली नवी भाषा. शिवाय देशभर आदिवासी मुलांना घरातून उचलून संस्थांमध्ये ठेवण्याचे धोरण कित्येक दशके चालले. त्याबद्दल पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत माफी मागितली ती १३ फेब्रुवारी २००८ला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या, म्हणजे बोरोलूला ज्या प्रदेशात येते तिथल्या, सरकारने शाळेचे पहिले चार तास इंग्रजीतच शिकवायचे ठरवले. १९७०च्या दशकात सुरू झालेल्या द्विभाषिक शाळांच्या मुळावर तो निर्णय आला. माफीचे शब्द आणि हा निर्णय एकाच वर्षातले आहेत, हे मला विसरता येत नाही.

मिशनरी भाषाशास्त्रज्ञ जीन कर्टन यांनी १९६०च्या दशकापासून यान्युवाचा अभ्यास केला. १९८०मध्ये जॉन ब्रॅडली हा तरुण शिक्षक म्हणून बोरोलूलाला आला तेव्हा गावातल्या मोठ्या माणसांत ती अजून रोज ऐकू यायची. पुढे तो मानववंशशास्त्रज्ञ झाला, मोनाश विद्यापीठात शिकवू लागला, आणि म्हाताऱ्यांकडून भाषा इतकी शिकला की आज यान्युवा अस्खलित बोलणाऱ्या मोजक्या माणसांत त्याचीही गणना होते. जन्माने यान्युवा असलेले पूर्ण बोलणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि सगळे वृद्ध. त्यांची नावे इथे देत नाही. माणूस गेल्यावर त्याचे नाव काही काळ उच्चारू नये, अशी रीत तिथल्या अनेक समाजांत आहे, ती पाळावी असे मला वाटते.

## इंग्रजी आली, नोकरी मिळाली, तर बिघडले काय?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून उत्तरही सरळ द्यायला हवे. इंग्रजी शिकायला कोणाचाच विरोध नाही. त्या भागातला माणूस पूर्वीही तीन-चार भाषा सहज बोलायचा, शेजारच्या समाजात सोयरीक असायची. एक भाषा येण्यासाठी दुसरी सोडावी लागते ही कल्पनाच बाहेरून आलेली आहे. एकभाषी शाळेने ती रुजवली.

आणि बिघडते ते अगदी हाताला लागेल असे. १९७६ला नॉर्दर्न टेरिटरीसाठी आदिवासींच्या जमीन हक्कांचा कायदा झाला. त्याखाली सुनावणी झालेला पहिला दावा बोरोलूलाचा. तिथे आपला हक्क सिद्ध करायला कागद नव्हते. होती ती जागांची नावे, त्या जागेशी कोणाचे काय नाते, आणि गाणी. या गाण्यांना 'कुजिका' म्हणतात: पूर्वजांनी ज्या वाटेने प्रवास केला त्या वाटेवरची प्रत्येक जागा क्रमाने गात जाणारे दीर्घ गीत. म्हणजे ज्या भाषेला निरुपयोगी म्हटले गेले, तीच जमिनीचा पुरावा होती.

एक कुजिका व्याघ्रशार्काची आहे. हा शार्क आपल्यासोबत सायकड या झाडाचे अन्न घेऊन आखाताच्या किनाऱ्याने येतो. सायकडच्या बिया विषारी असतात, नीट भिजवून विष काढल्यावरच त्यांची भाकर होते. कोणत्या किनाऱ्यावर हे अन्न आहे, ते कोणाचे आहे, त्याच्याशी कसे वागायचे, हे त्या परंपरेत एकत्र बांधलेले आहे. कथेचा इंग्रजी सारांश मुलाला गोष्ट देतो, पण गाण्यातली जागांची रांग त्यात राहत नाही.

## सगळे रेकॉर्ड करून ठेवले की झाले ना?

रेकॉर्डिंग हवेच. ब्रॅडली आणि यान्युवा कुटुंबांनी मिळून मोठा ज्ञानकोशवजा शब्दकोश केला. मोनाश विद्यापीठातल्या गटाने शार्काच्या गोष्टीसारख्या कथांची ॲनिमेशन केली, वडीलधाऱ्यांच्या आवाजात, यान्युवा भाषेत. शेली मॉरिस या गायिकेची आजी यान्युवा. तिने बोरोलूलाच्या बायकांबरोबर तिथल्या भाषांमध्ये गाणी ध्वनिमुद्रित केली. या कामाचे मोल फार आहे.

पण आधी सांगितलेला बायका-पुरुषांच्या बोलीचा नियम आठवून पाहा. मुद्रणात पुढचा ग आणि मागचा ग कायमचा राहील. आजीकडून एक बोली शिकून, मोठे झाल्यावर मामा-काकांकडून दुसरीत जायचे, चुकलो की कोणी रागवायचे, हे मुद्रणात येत नाही. पुरुष बोलणारे संपले की मुलाने ज्या बोलीत जायचे ती बोलीच कोणाच्या तोंडी उरत नाही. जीभ कुठे टेकवायची हे यंत्र दाखवू शकते, पण कोणाशी कसे बोलायचे याला समोर माणूस लागतो.

## गेलेली भाषा परत येते का?

जशीच्या तशी नाही. पण येते. ॲडलेडच्या कौर्ना भाषेची शेवटची अस्खलित बोलणारी मानली गेलेली इवरीत्जी १९२९मध्ये वारली. मात्र टाइकेलमान आणि शूरमान या दोन जर्मन मिशनऱ्यांनी १८४०मध्ये कौर्नाचे व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला होता. त्यावरून १९९०च्या दशकापासून कौर्ना लोकांनी, रॉब एमरी या भाषाशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन, भाषा पुन्हा शिकायला घेतली. आज ॲडलेडमध्ये ती शिकवली जाते, समारंभांत बोलली जाते. जर्मन कानांनी टिपलेल्या ध्वनींत चुका राहिल्या असतील, मोबाइलसारख्या गोष्टींसाठी शब्द नव्याने बनवावे लागतात. तरी ती कौर्नाच आहे, कारण कौर्ना लोक तिला आपली म्हणतात.

यान्युवाची स्थिती कौर्नाहून बरी आहे, कारण आवाज ऐकायला मिळतात आणि विचारायला अजून कोणी तरी आहे. हा काळ फार थोडा आहे आणि म्हणूनच तो मोलाचा आहे. आपल्याकडेही हे दूरचे प्रकरण नाही. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारी काही हजार माणसे आहेत. जगातल्या कुठल्याही भाषेशी तिचे नाते सिद्ध झालेले नाही. कोरकू, मराठी आणि हिंदीचे शब्द तिच्यात भराभर शिरत आहेत. तिचे ध्वनी टिपायला आपल्याला परदेशी कानांची वाट पाहायची गरज नाही.

बोरोलूलात सध्या यान्युवांचे स्वतःचे समुद्ररक्षक दल आहे. दलाच्या नावातच 'खाऱ्या पाण्याचे लोक' हा यान्युवा शब्द आहे. ड्युगाँग आणि कासवांवर लक्ष ठेवणे, समुद्री गवताची पाहणी, किनाऱ्यावर वाहून आलेली जाळी काढणे ही त्यांची कामे. २०११मध्ये त्या टापूला संरक्षित क्षेत्र जाहीर केले गेले, तेही यान्युवा नावाने. त्या होड्यांवरचे तरुण आपसात क्रिओल बोलतात, पण बेटांची, खाड्यांची, गवताच्या पट्ट्यांची नावे यान्युवात घेतात.